पानमळ्याचा विटाळ

मागल्या दिवाळीला थोरल्या लेकाची पोरगी पुण्याहून सुट्टीला आली. आठवीत आहे, इंग्रजी शाळेत. आमच्या द्राक्षबागेत तेव्हा फेलफूट काढायचं काम चालू होतं. ती पण दोन दिवस बायकांबरोबर बागेत राबली आणि तिसऱ्या दिवशी मांडवाखाली पोतं टाकून पुस्तक वाचत बसली. मी म्हटलं, "काय वाचतीस एवढं?" तर म्हणाली, "आज्जी, पाळीची गोष्ट आहे."

शेजारच्या ओळीत गडीमाणसं होती. मी इकडंतिकडं बघितलं. तिनं काही बघितलं नाही.

माझं इंग्रजी दहावीपुरतं, तेही आता गंजलेलं. मग रोज रात्री जेवणं झाली की ती ते पुस्तक वाचायची आणि मला मराठीतून सांगायची. पुस्तकाचं नाव 'आर यू देअर गॉड? इट्स मी, मार्गारेट'. लिहिणारीण अमेरिकेची, ज्यूडी ब्लूम. 1970 साली निघालेलं पुस्तक. तेव्हा मी दहा वर्षांची होते.

मार्गारेट ही अकरा वर्षांची पोरगी. न्यूयॉर्क शहर सोडून तिचे आईबाप न्यू जर्सीत राहायला येतात. बाप ज्यू, आई ख्रिस्ती. त्यामुळं घरात कुठलाच धर्म पाळत नाहीत. पोरगी मात्र रात्री अंथरुणात देवाशी एकटीच बोलते. तिच्या चार मैत्रिणींचा एक गट आहे. छाती कधी भरेल आणि पाळी कधी येईल, याचा त्यांना ध्यास लागलेला असतो. छाती वाढावी म्हणून हात मागंपुढं करून व्यायाम करतात. आणि मार्गारेट देवाला सांगते की बाबा, मला लवकर पाळी येऊ दे, मी एकटी मागं राहायला नको.

हे ऐकून मी हसायला लागले. मग हसू थांबलं. त्याच वर्षांत आम्ही पोरी आमच्या गावच्या मारुतीला उंबऱ्याबाहेरूनच हात जोडून काय मागत होतो? ते येऊच नये, आलंच तर उशिरा यावं. कारण पदर आला की शाळा बंद, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं.

माझं माहेर मिरजेच्या पूर्वेला. आता तिकडं म्हैसाळ योजनेचं पाणी आलंय, तेव्हा विहिरीवर जगणं होतं. ज्यांच्या विहिरीला बरं पाणी त्यांचे पानमळे. शेवरी, शेवगा, पांगारा अशा झाडांवर वेल चढवलेले, आत भर उन्हाळ्यातही अंधार आणि गारवा. पानमळ्याला देवघरासारखं मानायचे. पायतण बाहेर काढायचं. विटाळशी बाईनं आत पाऊल टाकायचं नाही, नाहीतर वेल जळतो, असं म्हणायचे. लोणच्याच्या बरणीचं, पापडाचं, तुळशीचंही तेच.

पहिल्यांदा न्हाण आलं की मात्र कौतुक. मखरात बसवायचे, ओटी भरायचे, बायका गाणी म्हणायच्या. पाच-सहा दिवस पोरगी राणी. पुढच्या महिन्यापासून तीच पोरगी सोप्याच्या कोपऱ्यात तरटावर, पाणी वरून ओतणार, ताट लांबून सरकवणार. जुनेराच्या घड्या धुऊन दुसऱ्या लुगड्याखाली लपवून वाळत घालायच्या, ऊन लागायचं नाही. एकाच गोष्टीची आधी ओटी भरायची आणि मग तिचीच शिसारी करायची, हे कसं, असं मी आईला एकदा विचारलं. ती म्हणाली, "आमालाबी तसंच केलं." एवढंच उत्तर.

आता त्या पुस्तकातल्या दुसऱ्या पोरीचं सांगते. तिचं नाव लॉरा. वर्गात सगळ्यांत उंच, अंगानं लवकर भरलेली. तिच्याबद्दल मैत्रिणी नको ते बोलतात, पोरांबरोबर काय काय करते म्हणून. मार्गारेट ते खरं धरून चालते आणि एकदा भांडणात तिच्या तोंडावर बोलते. लॉरा कळवळते. चौथीपासून आत घालायचे कपडे घालावे लागतात, सगळे हसतात, कसं वाटत असेल, असं ती मार्गारेटला विचारते. मार्गारेटला मग लाज वाटते. जे ऐकलं ते आपण तपासलंच नाही, हे तिला कळतं.

नात इथवर आली आणि मी म्हटलं, "आज इतकं बास." ती झोपली. मला झोप लागली नाही.

आमच्या वर्गातही एक लॉरा होती. तिचं नाव लिहीत नाही, ती हयात आहे. आमची घरं पाठीला पाठ लागून. अकराव्या वर्षी ती सोळाची दिसायची. आमच्याकडं अशा पोरीला उफाड्याची म्हणतात. पाणवठ्यावर बायका तिच्या आईला सांगायच्या, "पोरीला आवर घाल." आवर कशाला घालायचा, ती काय करत होती? दोन वेण्या घालून शाळेत येत होती, गणितात पहिली येत होती. पण मास्तरसुद्धा तिला फळ्याजवळ बोलवायचे बंद झाले. ती खांदे पुढं घेऊन, दप्तर छातीशी धरून चालायला लागली. अजून तशीच चालते.

मी वाळकी. काडी म्हणायचे मला. तिच्याकडं बघून मला काय वाटायचं ते खरं सांगायचं तर हेवा वाटायचा. तिच्याकडं सगळे बघतात आणि माझ्याकडं कोणी बघत नाही, एवढंच कळायचं. बघणं चांगलं की वाईट, ते कळण्याचं वय नव्हतं.

1972 चा उन्हाळा लागत होता. सकाळची शाळा. आदल्या साली पाऊस कमी झालेला, विहिरी तळाला गेलेल्या. शाळा सुटल्यावर ती माझ्या पुढं चालत होती. मधेच थांबली, मागं बघितलं आणि वाट सोडून आमच्या थोरल्या चुलत्यांच्या पानमळ्यात शिरली. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा परकराचा मागचा घोळ ओला होता. तिनं मला बघितलं. काही बोलली नाही, मीही बोलले नाही. मला सगळं कळलं होतं. वाटेत बिचारीला पाळी आली होती आणि आडोसा आणि पाणी दोन्ही तिथंच होतं. पाटाच्या पाण्यात तिनं परकर धुतला होता.

पुढं महिनाभरात वेल पिवळे पडायला लागले. पानं गळू लागली. चुलते कासावीस झाले. घरात विचारपूस सुरू झाली, कोणी विटाळ कालवला म्हणून. एकेका बाईला विचारलं. माझ्यापाशी आले तेव्हा मी सांगून टाकलं. भीतीनं सांगितलं की हेव्यानं, हे मी पन्नास वर्षं स्वतःला विचारत आले. दोन्ही होतं. मी एवढंच म्हणाले, "ती आत गेली होती, लई वेळानं बाहेर आली."

दुसऱ्या दिवशी त्या वाक्याला पाय फुटले. पानं खुडायला परगावचा एक जवान गडी असायचा. ती आत होती आणि तोही आत होता, अशी जोड कोणी दिली मला माहीत नाही. मी दिली नाही. पण मी नाहीही म्हणाले नाही. तो गडी त्या दिवशी मिरजेच्या बाजारात पानांचे डाग घेऊन गेला होता, हे मला ठाऊक होतं.

वैशाखात तिचं लग्न झालं. बारा वर्षांची होती. नवरा सव्वीसचा, बिजवर. कायदा तेव्हाही होता. 1929 च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय 14 केलं होतं, 1949 साली ते 15 झालं, आणि 18 व्हायला 1978 उजाडलं. आमच्या गावात यातला एकही आकडा कुणी उच्चारला नाही. उच्चारला तो एकच शब्द, अब्रू.

त्या साली पाऊस आलाच नाही. नुसता आमच्या गावात नाही, महाराष्ट्राच्या कितीतरी जिल्ह्यांत. दिवाळीपर्यंत चुलत्यांच्या विहिरीत दगड उघडे पडले आणि पानमळा पुरता वाळला. आजूबाजूचे सगळेच मळे वाळले. ज्यांच्या मळ्यात कुठलीच पोरगी शिरली नव्हती त्यांचेही वाळले. पण ती पोरगी शिरली म्हणून मळा जळला, ही गोष्ट गावात तशीच राहिली. पाऊस पडला नाही हे सगळ्यांना दिसत होतं, तरी दोन गोष्टींचा मेळ कुणी घातला नाही.

मग दुष्काळी कामं निघाली. रस्त्याची, तळ्याची, खडी फोडायची. माझी आई गेली, चुलत्या गेल्या, पाठीमागून आम्ही पोरीही पाट्या वाहायला गेलो. ज्या घरच्या बायका उंबरा ओलांडत नव्हत्या, त्याही डोक्यावर पदर घेऊन खडीवर बसल्या. शेकडो बायका एका ठिकाणी, महिन्याचे तीसही दिवस. त्यांत रोज कुणाची ना कुणाची पाळी असणारच. कधी कुणी विचारलं नाही की तू आज शिवायची आहेस का. हजेरी लागायची आणि हातोडा मिळायचा. सुकडीच्या रांगेत सगळ्या एकमेकीला खेटून उभ्या. खडीला विटाळ लागत नव्हता. मला विटाळाचा इतिहास पहिल्यांदा तिथं कळला. ज्या कामावाचून अडतं, तिथं तो नसतो.

त्या दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची. अमेरिकेची, असं सांगायचे. भाकरी नीट व्हायची नाही. आता वाटतं, त्याच अमेरिकेत त्याच वर्षांत ते पुस्तक दुकानात होतं. आमच्यापर्यंत ज्वारी आली, मार्गारेट आली नाही. आली असती तरी वाचता आली नसती, हेही खरं.

पण तिथंही सगळं आलबेल होतं असं समजू नये. नातीनं मला मोबाइलवर शोधून सांगितलं. ज्यूडी ब्लूमनं आपल्या मुलांच्या शाळेला त्या पुस्तकाच्या तीन प्रती भेट दिल्या, तर मुख्याध्यापकांनी त्या वाचनालयात ठेवल्या नाहीत, कारण त्यात पाळीचा विषय. 1990 नंतरच्या दहा वर्षांत तिथल्या वाचनालयांत ज्या पुस्तकांवर सर्वांत जास्त आक्षेप आले, त्यांच्या यादीतही ते होतं. जुन्या आवृत्तीत मुली कमरेला पट्टा बांधून त्याला घडी अडकवतात. पुढच्या आवृत्तीत लेखिकेनं ते बदलून चिकटणारे पॅड केले. म्हणजे पट्टे, नाड्या आणि लपवालपवी त्यांच्याकडंही होती. 2023 साली त्यावर सिनेमा आला, तो आम्ही दोघींनी मिळून बघितला.

आणि आपल्याकडं कुणी बोललंच नव्हतं असंही नाही. माझं शिक्षण दहावीवर थांबलं, पण वाचन थांबलं नाही. सासरच्या गावातल्या वाचनालयानं मला जे दिलं ते शाळेनं दिलं नाही. मंगळवेढं आमच्याकडून फार लांब नाही. तिथल्या चोखोबांची बायको सोयराबाई. चौदाव्या शतकातली बाई. विटाळातून जन्मला नाही असा देह कुठं आहे, हे तिनं अभंगात विचारून ठेवलंय. तिला तर विटाळ दुहेरी होता, जातीचा आणि बाईपणाचा. शब्द एकच. आमच्या गावातही महारवाड्यातल्या माणसाला लांबून पाणी वाढायचे आणि बाहेर बसलेल्या बाईलाही लांबूनच वाढायचे. ओतणारा हात तोच. लहानपणी मी हे दोन्ही रोज बघितलं, पण हे एकच आहे हे कळायला मला चाळिशी यावी लागली.

मुंबईत र. धों. कर्व्यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि 1953 साली मरेपर्यंत चालवलं. शरीराबद्दल लोक पत्रातून प्रश्न विचारायचे, ते सरळ उत्तरं द्यायचे. त्याबद्दल अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, दंड भरावा लागला. विटाळाविरुद्ध महाडच्या तळ्यावर उभा राहिलेला माणूस या खटल्यातही उभा राहतो, यात मला तरी नवल वाटत नाही.

त्याच सुमारास, 1933 साली, विभावरी शिरूरकर या नावानं 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, वय वाढत चाललेल्या, बिनलग्नाच्या मुलींच्या मनातलं त्यात होतं. मोठी खळबळ उडाली. लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर, पण स्वतःच्या नावानं लिहायची सोय नव्हती. मी ते पुस्तक तिशीत वाचलं. त्या बायका शहरातल्या, नोकरीच्या, माझ्या माहितीतल्या नव्हेत. तरी वाचताना मैत्रीण डोळ्यांपुढं येत राहिली. मोठ्या बायकांसाठी कुणी लिहिलं होतं. बारा वर्षांच्या पोरीच्या हातात देता येईल असं त्यात काही नव्हतं. तिला कुणी सांगायचं की बाई, तुझ्या अंगात काही खोट नाही?

माझं काय झालं तेही सांगते. मला पाळी आली 1975 साली, पंधराव्या वर्षी. तोवर आई नवस बोलून थकली, शेजारणी कुजबुजायला लागल्या की पोरगी वांझ निघती का काय. तिला लवकर आली म्हणून बोल, मला उशिरा म्हणून बोल. बरोबर वेळ कुठली, ते कुणालाच सांगता आलं नसतं. पण त्या उशिरानं माझं भलं केलं. लग्नाचा विषय लांबला. अकरावीची मॅट्रिक जाऊन नुकती दहावी आली होती, 1976 साली मी ती पास झाले. लोक म्हणतात, त्या काळात एवढी शिकली म्हणजे हुशार. मी हुशार नव्हते, वर्गात हुशार ती होती. मी फक्त वाळकी होते.

हे सगळं जुनं झालं असं वाटेल. आमच्या घरात आता कोणी बाहेर बसत नाही. सासू गेल्यावर मी ते बंद केलं. सासू असताना का नाही केलं, असं नातीनं विचारलं, त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. द्राक्षबागेत बायका सगळ्या दिवसांत येतात. पण ऊसतोडीचं बघा. तिथं जोडप्याला एक कोयता म्हणतात, मुकादमाची उचल घेतलेली असते आणि एक दिवस खाडा झाला की दंड. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तरण्या बायका. कारणं अनेक असतील, पण पाळीमुळं खाडा परवडत नाही हे त्यातलं एक. पूर्वी पाळी आली की बाईला बाजूला बसवायचे. आता बाईला कामावर ठेवतात आणि पिशवीच काढून टाकतात. दोन्ही वेळा तिचं अंग तिच्या मालकीचं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात माहेरी भाच्याचं लग्न होतं. तिथं ती आली होती. अधूनमधून भेटायचो, पण बोलणं पोराबाळांचं, गुडघ्यांचं. या वेळी तिला घेऊन मी मुद्दाम मांडवाबाहेर आले. जुना पानमळा होता तिथं आता भावाची द्राक्षं आहेत. बांधावर बसलो. मी सांगितलं, "त्या वक्ताला चुलत्यांना मीच सांगितलं. गडी बाजाराला गेलता हेबी मला ठावं होतं. मी बोलले न्हाई."

ती म्हणाली, "मला ठावं हाय. तुझ्याबिगर वाटंवर कोण होतं?"

म्हणजे पन्नास वर्षं तिला माहीत होतं आणि तरी ती माझ्या बाळंतपणात शेवया घेऊन आली होती. मला काही बोलता येईना. थोड्या वेळानं तिनंच तोंड उघडलं. बागेकडं बघत, हळू आवाजात म्हणाली, "एक सांगशील का? खरं सांग. मळा माझ्यामुळंच जळला का गं?"

सहा पोरांची आजी. दोन एकर एकटीनं सांभाळलेली बाई. नवरा लवकर गेला तरी कुणापुढं हात न पसरलेली. आणि आतमध्ये हे घेऊन चालली होती.

मी तिला सांगितलं, सगळं तारीखवार सांगितलं. आदल्या साली पाऊस कमी होता. मार्चमध्ये विहीर तळाला होती. पानवेलीला कायम ओल लागते, पाण्याच्या पाळ्या लांबल्या की पानं पिवळी पडतात. बहात्तर साली पाऊस आला नाही. पलीकडच्यांचे मळे वाळले, खालच्या गावचे वाळले. तू आत गेली नसतीस तरी वाळलाच असता. तुझ्या परकराच्या पाण्यानं झाला तर त्या पाटाला एक तांब्याचा फायदाच झाला असेल.

ती हसली. मग पदर डोळ्याला लावला. म्हणाली, "हे तवा कुणी सांगितलं असतं तर!"

घरी आल्यावर नातीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "आज्जी, त्यांना ते पुस्तक मराठीत वाचून दाखवू का? मी फोनवर सांगीन रोज थोडं." मी म्हटलं, दाखव. लॉराची गोष्ट आली की सावकाश सांग.

आता रोज रात्री नऊला तिच्या घरी फोन वाजतो. ती फोन स्पीकरवर ठेवते आणि सुनांनाही जवळ बसवते.